दाखवण्याचा स्वेटर

मी एक जुना निळा स्वेटर आहे आणि मला एकच बाही आहे, उजवी. मित्रांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी फार गोड बोलणार नाही. मला माणसांचे कौतुक नाही, आणि ते का नाही हेच सांगायला मी बसलो आहे.

मला विणणारी बाई गेल्याचे कळले त्या दिवशी मी तिच्या सुयांवर होतो. तिने मला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर ठेवले होते. माझी डावी बाही तिने खांद्यापर्यंत उसवली होती आणि नव्या लोकरीने वरून खाली विणायला घेतली होती. चार बोटे विणून झाली होती. सकाळी तिच्या छातीत कळ आली. नवऱ्याबरोबर ती स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेली. टाके सुटू नयेत म्हणून जाताना तिने सुयांच्या टोकांना बुचे लावली आणि म्हणाली, "दुपारी आले की कोपरापर्यंत नेते." हे ती मला म्हणाली की नवऱ्याला, ते मला ठाऊक नाही.

दुपारी नवरा एकटाच आला. त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत तिच्या चपला होत्या. शेजारच्या मावशी दारात आल्या. त्यांनी विचारले, "ठेवून घेतलं का तिला?"

"नाही," तो म्हणाला. "घरी आणतायत मागून. तुम्ही जरा जागा करा."

मावशी मटकन उंबऱ्यावर बसल्या. तो माझ्याजवळ आला, सुयांची बुचे नीट बसली आहेत का ते त्याने दाबून पाहिले, आणि मग त्याला काय करावे ते सुचेना.

हा माणूस कुलूपवाला. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे दुकान. गावात कुणाची किल्ली हरवली की याला बोलावणे यायचे. तो बोलायला अगदी कमी. दोघांच्या वाटचे बोलणे बायकोच बोलून घ्यायची, आणि वर म्हणायची की आमच्यात भांडण होत नाही कारण समोरून कुणी भांडतच नाही.

आता माझा जन्म सांगतो. तिचे नवे नवे लग्न झाले होते तेव्हाची गोष्ट. चर्चमध्ये बुधवारी बायका विणायला बसत. चर्चच्या मागे अनाथ मुलांचे घर होते, त्या मुलांसाठी टोप्या, मोजे, स्वेटर असे काहीबाही त्या विणत. तिने मला विणले. गळ्याला दोन पांढरी बटणे लावली, मनगटाला आणि कमरेला घट्ट पट्टी घातली. मुलांच्या घराचा कारभार मोठ्या सिस्टर पाहत. त्यांनी मला उलटासुलटा करून पाहिले आणि म्हणाल्या, "हा रोज वापरायला नको. पाहुणे येतील तेव्हा काढू."

पाहुणे म्हणजे मूल दत्तक घ्यायला येणारी माणसे. त्या महिन्यात जे पाहुणे आले, त्यांच्यासमोर एका शेंबड्या पोराला माझ्यात घालून बसवले. त्यांना तो आवडला. पुढच्या खेपेला एक तोतरी मुलगी बसवली. तीही आवडली. झाले. सिस्टरांच्या मनाने घेतले की स्वेटर चांगल्या पायगुणाचा आहे. मग मुलगा असो, मुलगी असो, ढगळ होवो की आखूड, मीच घालायचा. उन्हाळ्यातसुद्धा. पोर घामाने निथळायचे आणि सिस्टर पाहुण्यांना सांगायच्या की त्याला जरा सर्दी आहे.

मी पुष्कळ पाहुणे पाहिले. ते म्हणायचे, "किती नीटनेटकं ठेवलंय मुलाला." मित्रांनो, नीटनेटका मी होतो. माझ्या आतल्या बनियनला भोके होती. ते म्हणायचे, "गोड आहे, पण जरा मोठं वाटतं." ते म्हणायचे, "विचार करून कळवतो." बाजारात भाजी हातात घेऊन परत ठेवली तर भाजीला काही कळत नाही. इथे सगळे कळत होते. बाकावर बसलेल्या मुलाचा उजवा हात सिस्टरांच्या हातात असे, डावा मोकळा. मोकळ्या हाताची बाही हळूहळू तोंडात जायची. एकूणएक मुलांनी माझी डावी पट्टी चावली आहे. कोणाचे दुधाचे दात होते, कोणाचे पडलेले होते, कोणाचे नवे आलेले. मला सगळे आठवतात.

आणि एखादे मूल पसंत पडले, की त्याला न्यायच्या दिवशी पाहुणे नवे कपडे घेऊन यायचे. मला काढून, झटकून, घडी करून पुन्हा कपाटात ठेवायचे. इतक्या मुलांना मी घरे मिळवून दिली म्हणे. मी स्वतः कधी कुणाच्या घरी गेलो नाही.

माझे कपाट प्रार्थनेच्या दालनाला लागून होते, त्यामुळे रविवारी फादर काय बोलतात ते मला ऐकू यायचे. ते सांगायचे की देवाने याही वर्षी आपल्या हातून अनाथांना आईबाप दिले. लोक खूश व्हायचे, जणू प्रत्येकाने एकेक पोर खांद्यावर बसवून घरी नेले आहे. मग ते समोरच्या दाराने बाहेर पडायचे. मागच्या दाराने मुलांच्या घरात डोकावायला कोणी जात नसे. तिकडे वास येतो, असे एक बाई म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

खोटे कशाला बोलू? पायरीवर ठेवलेले मूल उचलून आत घेणारे गावात तेच एक दार होते. गोवर आला तेव्हा मोठ्या सिस्टर सगळ्या मुलांच्या उशाशी बसल्या आणि शेवटी स्वतःही तापाने आडव्या झाल्या. ही माणसे वाईट असती तर मला सोपे गेले असते. वाईट माणसाला चार शब्द सुनावता येतात. चांगले काम करणाऱ्याला "तुम्ही चुकताय" असे सांगायला कोणी जात नाही, म्हणून ती चूक वर्षानुवर्षे चालते. माझा राग त्यावर आहे.

आता त्या मुलीकडे येतो. तिला सगळे खारू म्हणायचे, कारण ती खारीसारखी कुरतडायची. तिला तीन वेळा माझ्यात बसवले आणि तीनही वेळा पाहुण्यांनी नको म्हटले. पहिल्यांदा ती बोलली नाही म्हणून, दुसऱ्यांदा जास्त बोलली म्हणून. तिसऱ्या पाहुण्यांनी कारणच दिले नाही. तोवर माझी डावी बाही तिने मनगटापासून कोपरापर्यंत खाऊन टाकली होती.

बुधवारी मला डागडुजीसाठी माझ्या विणणारीच्या हातात दिले तेव्हा तिने ती बाही पाहिली. तिने विचारले, हे कुणी केले? मुलीला बोलावले. मुलगी आली आणि बाई काही म्हणायच्या आतच म्हणाली, "मला आता बसवू नका. मी दुसरीपण खाईन."

विणणारीला मूल नव्हते. ती त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याशी काय बोलली ते मी ऐकले नाही, पण पुढच्या रविवारपासून दोघे मागच्या दाराने यायला लागले. ती खारूशी बोलत बसायची आणि कुलूपवाला दाराशी उभा राहायचा. मुलीशी काय बोलावे ते त्याला कळत नसे. एकदा त्याने खिशातून एक लहान जुने कुलूप काढून किल्लीसकट तिच्यासमोर धरले. तिने ते घेतले आणि परत दिले नाही. त्यांचे एवढेच बोलणे.

शेवटी दोघांनी मुलगी मागितली आणि फादरांनी हो म्हटले. शाळेला सुटी लागली की मुलीने कायमचे कुलूपवाल्याच्या घरी जायचे, असे ठरले. विणणारी मला घरी न्यायला लागली तेव्हा सिस्टरांनी अडवले. स्वेटर या घराबाहेर जात नाही म्हणाल्या.

"मी विणलाय, मी उसवीन," ती म्हणाली. "खारू आमच्याकडे येईल ती ह्यातच येईल. दोन्ही बाह्यांचा करून घालणार आहे तिला."

असा मी त्या वेताच्या खुर्चीवर आलो होतो. पुढचे तुम्हाला सांगितलेच आहे.

ती गेल्यानंतर काही दिवसांनी फादर आणि मोठ्या सिस्टर कुलूपवाल्याकडे आले. फादर माझ्यावर बसता बसता राहिले. कुलूपवाल्याने मला उचलून मांडीवर घेतले, सुयांसकट. थोडा वेळ तिच्या चांगुलपणाचे बोलणे झाले. मग फादर म्हणाले की मुलीचे काय करायचे ते बोलायला आलो आहोत.

"करायचं काय? ठरलंय."

"दोघांचं ठरलं होतं."

"दोघांतला मी आहे की अजून."

फादरांनी समजावून सांगितले. एकट्या पुरुषाच्या घरी मुलगी देत नाहीत. हा नियम त्यांनी केलेला नव्हता, पण मोडणेही त्यांच्या हातात नव्हते. त्यांचा आवाज रविवारच्या आवाजासारखा मऊ होता. शेवटी म्हणाले की मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

"तिच्यासाठी केली होती ना? तेवढी पुरे."

सिस्टरांनी मान खाली घातली. फादर मात्र रागावले नाहीत. त्यांनी सरळ विचारले, "एक सांगा. मुलगी तुम्हाला हवी आहे, की त्यांना हवी होती म्हणून हवी आहे?"

कुलूपवाल्याची बोटे माझ्या टाक्यांवरून फिरत राहिली.

मग सिस्टर म्हणाल्या, "दादा, तेवढा स्वेटर द्या. दुसरे पाहुणे येणार आहेत खारूसाठी. आहे तसा द्या, बाही कोणीतरी करेल."

त्याने वर पाहिले. "तुमचा देव स्वेटरशिवाय चालत नाही का?"

"देवाचं चालतं," सिस्टर म्हणाल्या. "पाहुण्यांचं चालत नाही."

"मग नाहीच मिळणार. दार उघडंच आहे."

ते गेल्यावर त्याने मला लोखंडी कपाटात ठेवले आणि त्याच्याकडचे सर्वांत भक्कम कुलूप लावले. आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा माणूस, पण समजूत पोराची. स्वेटर नाही तर मुलगी दाखवणार नाहीत, दाखवली नाही तर नेणार नाहीत, असा त्याचा हिशेब. पण त्या चर्चमध्ये ज्यांचा म्हणून पाय पडला त्या सगळ्यांच्याच डोक्यात मी असा बसलो होतो. सिस्टरांना वाटायचे की माझ्यामुळे होते. त्याला वाटले की माझ्यावाचून होणार नाही. त्यात मला कोणीच काही विचारले नाही.

एका सकाळी मावशी सांगत आल्या की बेकरीवाला आणि त्याची बायको आज मुलगी बघायला जाणार आहेत. कुलूपवाला हातातले काम टाकून उठला. त्याने मला कपाटातून काढून पिशवीत कोंबले. तीच पिशवी, चपलांची. मला कशाला घेतले ते त्याने मला सांगितले नाही. तरातरा चालत तो चर्चच्या मागे गेला आणि भेटीच्या खोलीच्या खिडकीखाली उभा राहिला. आत जायचे त्याचे धाडस होईना.

खिडकी उघडी होती आणि पिशवीचे तोंडही. आत खारू रोजच्या विटक्या फ्रॉकमध्ये बाकावर बसली होती. सिस्टरांनी तिचा उजवा हात धरला होता. चावायला बाही नव्हती. आणि मला एक आवाज आला, टक्. मग पुन्हा, टक्. ती डाव्या हाताने ते लहान कुलूप दाबून बंद करत होती, मांडीवर किल्लीने उघडत होती, पुन्हा बंद करत होती.

कुलूपवाल्याने तो आवाज ओळखला. तो भिंतीला टेकला. फादरांच्या प्रश्नाचे उत्तर त्याला तेव्हा मिळाले असावे, पण आता ते ऐकायला कोणी नव्हते.

बेकरीवाला आत बोलत होता. त्याचा आवाज जाड होता. खारूने त्याला आधीच सांगून टाकले, "मला तिघांनी नको म्हटलंय."

"मला दोघींनी," बेकरीवाला म्हणाला. "मग हिने हो म्हटलं. ही अजून पस्तावतेय."

त्याची बायको म्हणाली, "तिला काय सांगताय ते? पळून जाईल." मग तिने मुलीला विचारले की हातात काय आहे, बघू का? मुलीने कुलूप दिले नाही. दाखवले मात्र. बेकरीवालीने नीट वाकून ते पाहिले आणि मागितले नाही.

कुलूपवाला खिडकीखाली उभा राहून त्यांच्यात खोट शोधत होता. मीही शोधत होतो. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पाहुण्यांमध्ये खोट काढायला चुकलो नव्हतो. त्या दिवशी एकच सापडली. त्या माणसाच्या कोटावर सगळीकडे पीठ होते आणि बाकावर बसताना त्याने ते झटकले नाही.

मुलीला त्यांनी पसंत केले, आणि मीही नव्हतो अन् नवे कपडेही नव्हते. म्हणजे इतकी वर्षे त्या पोरांना उन्हाळ्यात माझ्यात उकडवले ते फुकटच.

खारूला न्यायचा दिवस ठरला, तो मावशींनीच कुलूपवाल्याला कळवला. त्याने मला मांडीवर घेतले. सुया काढल्या तर टाके सुटणार, सुयांसकट पोरीला द्यायचा तर टोचणार. मग किल्ल्या ओवायची बारीक तार घेतली आणि एकेक टाका सुईवरून तारेवर घेतला. तारेचे टोक वळवून बंद केले. पकडीने लोकर तोडली तेव्हा त्याने डोळे मिटले होते. लोकरीचा गुंडा आणि दोन सुया त्याने तिच्या खुर्चीवर ठेवल्या.

चर्चच्या मागच्या फाटकाशी सगळे उभे होते. बेकरीवालीने पिवळा फ्रॉक आणला होता, तो खारूच्या अंगात होता. वारा गार होता. कुलूपवाल्याने पिशवीतून मला काढले आणि काही न बोलता मुलीसमोर धरले, कुलूप धरले होते तसेच. मुलीने हात घातले. उजवा हात बाहीत गेला, डावा उघडाच बाहेर आला. जन्मात पहिल्यांदा मला कोणीतरी थंडी वाजते म्हणून घातले.

सिस्टर म्हणाल्या, "दादा, तो इथे राहू द्या. बाकीच्या मुलांना लागेल."

"त्या कपाटाचं कुलूप मी बसवलंय," तो म्हणाला. "पुन्हा आत ठेवलात तर मी येऊन काढून नेईन. फादरांसमोर सांगतोय."

फादर आपल्या बुटांकडे पाहत राहिले. मला वाटते त्यांना हसू येत होते, पण ते खात्रीने सांगता येणार नाही.

खारूने खांद्यावरची तार चाचपली. "दुसरी बाही कुठेय?"

"राहिलीय."

"कोण करणार? त्या तर..."

"मी."

"तुम्हाला येतं?"

"नाही."

तिने हात पुढे केला. "मग लोकर द्या. मी ठेवते."

"लोकर घरी आहे," तो म्हणाला. "तुझ्या हाताचं माप लागेल. यावं लागेल तुला."

बेकरीवाला लगेच म्हणाला, "येतो की. पुढच्या रविवारी घेऊन येतो तिला." आणि ते निघाले. कुलूपवाला फाटकाशी उभा राहिला. मी मुलीच्या अंगावर होतो, त्यामुळे मला मागे वळून पाहता आले नाही. तिने पाहिले की नाही ते मी सांगणार नाही, ते तिचे आहे.

आता मी बेकरीमागच्या घरात भट्टीच्या भिंतीजवळ खुंटीवर असतो. माझ्यावर पीठ पडते आणि ते मला आवडत नाही. पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. माझी उजवी बाही अजून जशीच्या तशी आहे. तिला दात लागलेला नाही.

सिस्टर कधीतरी पाव घ्यायला येतात. त्यांच्या बोलण्यातून कळले की मुलांच्या घरात आता एक लाल स्वेटर वेगळा काढून ठेवला आहे. म्हणजे कोणी काही शिकले नाही. चर्चमध्ये रविवारी अजून तेच सांगत असतील आणि लोक समोरच्याच दाराने घरी जात असतील.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कोणी अशा घरात मूल आणायला गेलात तर बघायला जाऊ नका, आणायला जा. बाकावरच्या मुलाच्या अंगातला स्वेटर किती छान आहे ते पाहू नका. त्याचा डावा हात काय करतो आहे ते पाहा. आणि कुणाला पुढच्या रविवारी येतो म्हणालात, तर पुढच्या रविवारी जा.

बेकरीवाला माणूस वाईट नाही. पण रविवारी पाव सर्वांत जास्त खपतो, त्यामुळे दुकान बंद करता येत नाही. त्याची बायको दर आठवड्याला आठवण करते, तोही दर आठवड्याला हो म्हणतो. कुलूपवाला स्वतः होऊन येत नाही. मावशी सांगत होत्या की पावसुद्धा तो दुसऱ्या गल्लीतून आणतो.

मुलीचा हात वाढतो आहे. खांद्यावरची तार आता थोडी गंजली आहे. लोकर त्याच्याकडे आहे आणि सुया त्याच्याकडे आहेत. डावी बाही विणायची राहिली आहे.